खाजणातल्या चिंबोरीचे जुने संदर्भ झूलॉजिकल रेकॉर्डमध्ये कसे शोधायचे?

खाजणकाठ:
रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खाड्यांतल्या चिंबोरीची वाढ आणि प्रजनन यावर संदर्भ जमवायचे आहेत. 'मड क्रॅब' टाकलं की जगभरचे खेकडे येतात. 'सायला सेराटा' हे तिचं शास्त्रीय नाव आणि 'कोकण' एकत्र टाकलं की हाती जवळपास काहीच लागत नाही. शोध कसा बांधावा? 1998 च्या आधीचे लेख घ्यावेत का?

सूची_आणि_जाळी:
आधी 'कोकण' काढून टाका. झूलॉजिकल रेकॉर्ड ही प्राणिशास्त्रातल्या लेखांची सूची 1864 पासूनची असली तरी तिथे शोध नोंदीतच होतो, पूर्ण लेखात नाही. जुन्या नोंदींना बहुधा सारांशही नसतो, म्हणजे शीर्षक आणि सूचीशब्द एवढ्यावरच भिस्त. ठिकाणासाठी 'इंडिया', 'महाराष्ट्र', 'अरेबियन सी', 'बॉम्बे' असे पर्याय ऑरने जोडा. नावांचा एक कंस, विषयाचा दुसरा, ठिकाणाचा तिसरा, आणि कंसांच्या मध्ये अँड. कंस विसरलात तर अँड आधी लागू होतो, ऑर नंतर, आणि यादी भलतीच फुगते.

जातीचं नाव अवतरणात द्या. 'सायल'पुढे तारांकन (*, म्हणजे पुढे कोणतीही अक्षरं चालतील) लावू नका, सायलॅरिडी कुळातले चपटे शेवंडही येऊन बसतात. सारांशात बऱ्याचदा 'सायला'चं आद्याक्षरच छापलेलं असतं, म्हणून नुसतं 'सेराटा' अँड 'क्रॅब' असाही एक शोध चालवा. 'क्रॅब' मात्र गाळू नका. पबमेडसारख्या वैद्यकीय लेखसूचीत नुसत्या 'सेराटा'ला बॉसवेलिया सेराटा, म्हणजे आपली सालई, ढिगाने येते.

कुर्लीवाला:
1998 आधीचे लेख घ्याच, पण नावावर विश्वास ठेवू नका. त्या वर्षी कीनन, डेव्ही आणि मान यांनी सायलाच्या चार जाती नक्की केल्या: सेराटा, ऑलिव्हेशिया, ट्रँक्वेबारिका, पॅरामॅमोसेन. त्याआधी भारतातल्या बऱ्याच लेखांत लहान, लालसर चिंबोरीला सेराटा म्हटलंय, ती आजची ऑलिव्हेशिया. आणि मोठीला ट्रँक्वेबारिका किंवा ओशनिका, ती आजची सेराटा. म्हणून नावांच्या कंसात ही सगळी घाला. सध्याचं मान्य नाव वर्म्स या समुद्री जीवांच्या नावांच्या ऑनलाइन सूचीत फुकट तपासता येतं.

लेखात वर्णन वा चित्र असेल तर नांगीच्या मनगटाची बाहेरची कड बघा. सेराटा आणि ऑलिव्हेशिया या दोघींपैकी ठरवायचं तर, दोन ठळक काटे असतील तर सेराटा. एकच बारीक काटा किंवा नुसता उंचवटा असेल तर ऑलिव्हेशिया. यातलं काहीच नसेल तर तक्त्यात 'सायला, जात अनिश्चित' लिहा आणि त्या लेखातलं परिपक्वतेचं आकारमान दुसऱ्या लेखाच्या आकड्यात मिसळू नका. दोन जातींची सरासरी निरर्थक असते.

खाजणकाठ:
नोंद मिळाली, पण लेख कुठून आणायचा?

सूची_आणि_जाळी:
सीएमएफआरआय, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, हिच्या ई-प्रिंट्स संकेतस्थळावर संस्थेचे जुने लेख फुकट आहेत. विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगेवर, कृषी आणि मत्स्य महाविद्यालयांचे कृषिकोशवर. स्कॅन केलेल्या प्रतींत अक्षरओळख चुकते, त्यामुळे शब्दशोध फसला तर वर्षानुसार यादी उघडून नजरेखालून घाला. गावांची जुनी स्पेलिंगंही देऊन बघा, मालवण तर 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींनी.




कुर्लीवाला:
झोटेरोत (संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) नोंद आणताना मूळ लेखातलं नाव बदलू नका. आजचं नाव टॅगमध्ये ठेवा.