जादूला नियम हवेत का? शेवटचं प्रकरण अडलंय

दादरकरीण: चार वर्षं एक कादंबरी लिहितेय. वरळी कोळीवाड्यातली चंद्रा ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर गेली की दर्यात गेलेल्या माणसांशी बोलू शकते. शेवटी भाऊ वादळात सापडतो आणि ती ऐन भरतीत हाक मारून त्याची होडी परत आणते. परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मैत्रिणींना वाचून दाखवलं. एकीने विचारलं, "भरतीतही जमत होतं, तर बाप बुडाला तेव्हा का नाही हाक मारली?" रात्रभर झोप लागली नाही. पण नियम घालत बसले तर भौतिकशास्त्राचं पुस्तक होईल, अशीही भीती वाटते. आजीच्या गोष्टीतल्या चेटकिणीला कुणी नियम विचारत नव्हतं.

उंबरठा: आजीने प्रल्हादाची गोष्टही सांगितली असेलच ना? हिरण्यकशिपूला मरण दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. नरसिंह त्याला तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, नखांनी मारतो. वर मोडत नाही, म्हणूनच अंगावर काटा येतो. कर्णाची वासवी शक्ती घ्या. अर्जुनासाठी राखलेली, घटोत्कचावर खर्ची पडली. ती एकदाच वापरता येणारी नसती, तर त्या रात्रीला काय अर्थ होता?

रानवाट: माझं मत थोडं वेगळं. चकवा माणसाला रात्रभर एकाच रानात फिरवतो. का, ते कुणी सांगत नाही, सांगूही नये. भीती घालायची तर गूढच राहू द्या. सुटका करायची असेल, तर चंद्राला काय जमतं आणि काय नाही हे वाचकाला आधी कळायला हवं.

नाखवा: ताई, समुद्राचे नियम आधीच आहेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे ८, पाऊणपट ६. भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास भरती, तीही उधाणाची. चंद्रा पौर्णिमेच्या मध्यरात्री खडकांवर जात असेल, तर तिथे पाणीच असणार. अष्टमीला नेता येईल, पण ते भांगाचे दिवस, पाणी फार हटत नाही. लांबवरचे खडक उघडे पडतात ते अमावास्येला आणि पौर्णिमेला, सहाच्या सुमारास.

दादरकरीण: नाखवा, तिसरं प्रकरण पौर्णिमेच्या मध्यरात्रीच आहे! आत्ताच खोडलं. आता अष्टमीच्या रात्री ती जवळच्या खडकांवरून हाका मारेल आणि बाप लांबून अर्धवटच ऐकू येईल. भावासाठी तिला अमावास्येपर्यंत थांबावं लागेल. सकाळी सहाला, उजाडताना, सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर असताना. आजवर लपवलेलं सगळ्यांसमोर करावं लागेल. लिहायला बसते.