कचऱ्यातून वीज: डेपोचा प्रश्न खरंच मिटतो?

शिशिरा:
'कचरा भट्टीत घाला, वीज घ्या, डेपोचा प्रश्न कायमचा मिटला,' असं कालच्या पोस्टमध्ये वाचलं आणि डोकं फिरलं. तिथेच लिहायला घेतलं होतं, लांबलं म्हणून वेगळा धागा. मिटला कसा? ४ किलो कचरा जाळला की किलोभर राख उरते. फिल्टरमध्ये अडकणारी बारीक राख शिसं, कॅडमियम आणि डायॉक्सिन ही विषारी रसायनं घेऊन येते. ती घातक कचरा म्हणून परत पुरावीच लागते. आणि ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणी. आधी ते उकळून घालवायचं, मग उरली उष्णता तर वीज. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली हेच झालं. कचऱ्यात पुरेशी धगच नव्हती, प्रकल्प बंद पडला.

बॉयलर११:
१९८७ किती वर्षं उगाळणार? मी अशा प्रकल्पात बॉयलरवर ११ वर्षं काढलीत. क्रेनवाला दिवसभर बंकरमधला, म्हणजे साठवणीच्या खड्ड्यातला कचरा उचलून परत खाली सोडतो, बघणाऱ्याला वाटतं खेळतोय. पण पाणी निथळून कचरा एकजीव झाल्याशिवाय आग एकसारखी लागत नाही. धूर ८५० अंशांवर किमान २ सेकंद ठेवला की डायॉक्सिन तुटतं, पुढे धूर साफ करायला चुना, कार्बन, कापडी फिल्टर. कोपनहेगनचा आमागर बाके हा असाच प्रकल्प भरवस्तीजवळ आहे, त्याच्या छतावर लोक स्कीइंग करतात. तुमच्या डेपोतून मात्र मिथेन निघतो, १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा. त्याचं काय?

शिशिरा:
आमागर बाकेचं पोट भरायला बाहेरच्या देशांतून कचरा आणतात, ते नाही सांगितलंत. शिवाय थंड देशात उरलेल्या उष्णतेवर घरं गरम होतात. उष्ण प्रदेशात ती कुणाला देणार? नुसती वीज काढली तर कचऱ्यातली जेमतेम पाव ऊर्जा हाती लागते.

डेपोशेजारी:
तुमचे आकडे चालू द्या. मी डेपोच्या भिंतीला लागून वाढले. आग लागली की आठवडाभर धुमसायची. आई ओल्या चादरी खिडक्यांना लावायची आणि सकाळी त्यांवर काळा थर असायचा. धाकटा भाऊ रात्रभर बसून श्वास घ्यायचा. ती आग ८५० अंशांची नव्हती आणि तिला फिल्टर नव्हता. २०१७ मध्ये इथिओपियातल्या अदिस अबाबात कोशेचा कचराडोंगर कोसळून १०० च्या वर माणसं गेली. राखेचं बघू नंतर, आधी तो डोंगर हलवा.

दोन_बादल्या:
मूळ दुखणं वेगळंच आहे. ६ वर्षं मी ओला-सुका वेगळा देतोय. परवा गाडीमागे चालत गेलो. कोपऱ्यावर दोन्ही डबे एकाच हौद्यात! मग घरात वेगळं करायचं कशाला?

माजी_सचिव:
गाडीवाल्याला दोष देणं सोपं आहे. ४ वर्षं इमारतीचे डबे मी स्वतः उघडून पाहिलेत. ओल्या डब्यात डायपर, बॅटऱ्या, फुटलेली ट्यूबलाइट. काच लागून सफाईवालीचा तळहात कापला, ७ टाके पडले. तिच्या उपचारासाठी वर्गणी मागायला गेले तर लोक दार उघडेनात.

दोन_बादल्या:
म्हणजे इमानदारीनं देणाऱ्यांनीही मूर्ख ठरायचं? मी माझ्या डब्याबद्दल बोलतोय. तुमच्या इमारतीचा राग माझ्यावर काढू नका.

माजी_सचिव:
राग तुम्ही काढताय. गाडीमागे चालत गेलात, तसं एकदा त्या हौद्यात हात घालून बघा.

गोणपाट:
दोघंही थांबा. हात घालणारे आम्ही आहोत. माझी आई कचरा वेचायची, त्यावर आम्ही तिघं शिकलो. भट्टीला धग कशानं मिळते? पुठ्ठा, कागद, प्लास्टिक. आमच्या गोणीतही तेच असतं. आणि करारात रोज इतके टन देऊच असं लिहिलं की मग वेचणारा माणूस अडचण ठरतो. आईला गेटवरून हाकललं होतं तेव्हा कुणी मिथेन मोजत नव्हतं.

बॉयलर११:
गोणपाट, टनांच्या अटीबद्दल तुमचं मान्य करावं लागेल. कचरा कमी आला की आमचे साहेब हवालदिल व्हायचे, चांगला पुठ्ठाही आत जायचा. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण थर्माकोल, मळलेलं बहुपदरी प्लास्टिक, कारखान्यांतल्या तेलकट चिंध्या कोण वेचतं? ते सिमेंटच्या भट्टीत घाला, तिथे माल १४५० अंशांवर भाजतो आणि राख सिमेंटमध्येच मुरते.

शिशिरा:
उरलेल्यासाठी भट्टी, इतकं मी मानते. नाइलाजानं. ओल्याचा बायोगॅस करा, पाणी उकळत बसावं लागत नाही.

माजी_सचिव:
बायोगॅसच्या टाकीत ट्यूबलाइटची काच गेली तर?

दोन_बादल्या:
परत तेच! माझ्या ओल्या डब्यात काच नसते. उद्या सकाळी फोटो टाकतो, हौद्याचाही.

डेपोशेजारी:
टाका. आणि आज डेपोवर पुन्हा धूर आहे. भावाला मावशीकडे पाठवलंय.