शब्दचर्चा : ‘डीमन लॉर्ड’ला मराठीत काय म्हणावं, आणि त्याचे आकडे कसे लिहावेत?

सोंगटी :
दादरच्या एका टेबलासाठी, म्हणजे खेळाडूंच्या गटासाठी, डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून कथा रंगवत खेळायच्या खेळाचे (पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम) माहितीचे कागद मराठीत करायचे आहेत. डेमोगॉर्गन, ऑर्कस, ग्राझ्ट, ज्युइब्लेक्स ही सगळी ‘डीमन लॉर्ड’ मंडळी, म्हणजे डीमन या दुष्ट जातीचे बलाढ्य धनी. यांना एकत्रित नाव काय द्यावं? दैत्यराज, असुरराज, राक्षसराज, दानवेंद्र एवढे पर्याय सुचलेत. दुसरा प्रश्न एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा), एचपी (हिट पॉइंट, किती इजा सोसता येते), सीआर (त्या प्राण्याशी लढणं किती अवघड), डीसी (फेकीत गाठायचा आकडा) यांचा. मुंबईत एसी म्हणजे लोकल, एचपी म्हणजे गॅसचा सिलिंडर आणि सीआर म्हणजे मध्य रेल्वे. ‘एसी बावीस’ हे नवख्याला तापमान वाटतं.

नियमपोथी :
‘राक्षस’ आधी बाद करा. या खेळात ‘राक्षस’ नावाचा प्राणी १९७५पासून आहे. वाघाचं डोकं, उलटे तळहात, पाचव्या आवृत्तीत आव्हान (सीआर) १३, प्राण (एचपी) ११०, आणि सहाव्या किंवा त्याखालच्या पातळीचा मंत्र त्याच्या मर्जीशिवाय त्याला लागत नाही. तो डीमन नाहीच. तुम्ही ऑर्कसला ‘राक्षसराज’ म्हटलंत की खेळाडू मंत्र राखून ठेवतील, आणि ती त्यांची चूक नसेल.

‘असुर’ डंजन्स अँड ड्रॅगन्सपुरता चालेल, पण त्याच टेबलावर कधी पाथफाइंडर हा तशाच धर्तीचा दुसरा खेळ उघडला तर पंचाईत आहे. तिथे असुर हा वेगळाच दुष्ट वर्ग, वृत्तीने नियमबद्ध. डीमन तर स्वैर.

पुराणपोथी :
हे शब्द मराठी बोलण्यात एकमेकांच्या जागी फिरतात, पण मुळात ती वेगवेगळी कुळं आहेत. दितीचे ते दैत्य : हिरण्याक्ष, हिरण्यकशिपू, पुढे प्रल्हाद, विरोचन, बळी. दनूचे ते दानव : वृषपर्वा, मय. रावणाचं राक्षसकुळ पुलस्त्याकडून येतं. ‘असुर’ तर ऋग्वेदात वरुणासारख्या देवालाही आदराने लावलेला आहे.

‘दैत्यराज’बद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. मराठी माणसाच्या डोक्यात दैत्यराज म्हणजे बळी, आणि आपण तर ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतो. दोन माकडतोंडं आणि हातांच्या जागी शुंडा असलेल्या डेमोगॉर्गनला ती पदवी देणं म्हणजे बळीवर अन्याय.

सोंगटी :
मग ‘दैत्य’ही बाद?

पुराणपोथी :
नाही. डीमन या सामान्य वर्गाला ‘दैत्य’ ठेवा, डेव्हिलला ‘सैतान’. सैतान अरबीतून आलेला, पण मराठीत मुरलेला शब्द आहे, आणि हे दोन वर्ग खेळात वेगळे राहणं अत्यावश्यक आहे. दैत्य स्वैर-दुष्ट, सैतान नियमबद्ध-दुष्ट, आणि त्यांचं एकमेकांशी अखंड युद्ध चालू. (नियमबद्धसाठी ‘नेमस्त’ मात्र वापरू नका. नेमस्त सैतान म्हटलं की गोखल्यांच्या काळातला मवाळ पुढारी डोळ्यांपुढे येतो.)

नवा शब्द फक्त ‘लॉर्ड’साठी शोधायला हवा.

नियमपोथी :
तिथे दोन खड्डे आहेत. पहिला, ‘सरदार’. सरदाराच्या वर राजा असतो. सैतानांकडे ती उतरंड आहे, नऊ नरकांवर अ‍ॅस्मोडियस आणि खाली एकेका नरकाचा धनी, म्हणून आर्चडेव्हिलला ‘सैतानी सरदार’ चपखल बसतं. दैत्यांकडे कुणी कुणाचं ऐकत नाही. डेमोगॉर्गन स्वतःला सगळ्यांचा अधिपती म्हणवतो, ऑर्कस आणि ग्राझ्ट ते मानत नाहीत, आणि त्या भांडणावरच अर्ध्या मोहिमा उभ्या असतात.

दुसरा, ‘प्रिन्स ऑफ डीमन्स’ ही डेमोगॉर्गनची पदवी. इथे प्रिन्स म्हणजे सत्ताधीश. ‘दैत्यांचा राजपुत्र’ असं लिहिलंत की पहिला प्रश्न येणार, मग राजा कुठाय? आणि खेळ चालवणाऱ्या मास्टरला नसलेला बाप शोधावा लागणार.

वीसपैलू :
दुसऱ्या आवृत्तीने (१९८९) डीमन-डेव्हिल हे शब्दच काढून टाकले होते. पुढे त्या मंडळींना ‘अ‍ॅबिसल लॉर्ड’ म्हणत, म्हणजे नाव जातीवरून नाही, जागेवरून. मराठीत तीच वाट सोपी आहे. अ‍ॅबिस (दैत्यांचं जग) म्हणजे रसातळ, तिथला सत्ताधीश तो ‘रसातळपती’. बळीला धक्का नाही, कारण बळीचं राज्य सुतळात. ‘रसातळाला जाणे’ सगळ्यांना ठाऊक असल्याने अर्थही सांगावा लागत नाही.

एक खबरदारी घ्या. अ‍ॅबिसचे ६६६ ‘लेयर’ म्हणजे थर, पातळ्या नव्हेत. पातळी हा शब्द पात्राच्या लेव्हलला आणि मंत्राच्या लेव्हलला आधीच खर्ची पडलाय. डेमोगॉर्गन ८८व्या थरावर, ऑर्कस ११३व्या. मुंबईकराला थर म्हटलं की दहीहंडी आठवेल, आठवू दे, फक्त इथले थर खाली जातात.

सोंगटी :
रसातळपती घेतला. आता आकडे.

वीसपैलू :
‘कवचांक, प्राणांक, आव्हानांक, काठिण्यांक, बलांक’ असं करू नका. प्रत्येकाला ‘अंक’ जोडला की घाईत पहिलं अक्षर कानावर पडत नाही आणि चौघे चार वेगळे आकडे तपासतात. शेपूट कापा.

एसी : कवच. चिलखत नको. चिलखत अंगावर चढवतात, आणि हे आकडे बहुतेक जन्मजात कातडीचे असतात. कर्णाचं कवच जन्मजात होतं, शब्दात ती सोय आहे.
एचपी : प्राण.
सीआर : आव्हान. इथे ‘पातळी’ कटाक्षाने टाळा. पात्रं २०व्या पातळीला थांबतात, डेमोगॉर्गनचं आव्हान २६ आहे. ‘आव्हानपातळी २६’ वाचून खेळाडू स्वतःची २६वी पातळी शोधत बसतात.
डीसी : काठिण्य. परीक्षेच्या ‘काठिण्यपातळी’मुळे शब्द ओळखीचा आहे.
सेव्हिंग थ्रो (मंत्र किंवा माऱ्याच्या परिणामातून वाचण्यासाठी टाकायचा फासा) : बचावफेक.

सहा गुण : बळ, चपळाई, दम, बुद्धी, जाण, छाप. जाण म्हणजे विस्डम, तिला ‘शहाणपण’ लिहू नका. त्या गुणावर चाहूल घेणं, माग काढणं चालतं, शहाणपणाशी त्याचा संबंध थोडाच. मॉडिफायरला, म्हणजे गुणावरून फेकीत मिळवायच्या आकड्याला, ‘बोनस’ किंवा ‘वाढ’ म्हणाल तर उणे असताना अडाल. ‘अधिक-उणे’ म्हणा. गुणातून १० वजा, उरलेल्याचे निम्मे, अपूर्णांक खाली. बळ २९ म्हणजे अधिक ९.

नियमपोथी :
सगळ्यात महागात पडणारी चूक शब्दांत नसून ‘च्या वर’मध्ये आहे. काठिण्य २३ असेल तर २३ पडले तरी बचाव होतो. ‘२३च्या वर’ लिहिलंत की मराठी वाचणारा २४ धरतो. वीसपैलू फाशावर एका आकड्याचा फरक म्हणजे पाच टक्के, आणि तो प्रत्येक फेकीला लागतो. ‘किमान २३’ लिहा. कवचाचंही तेच : बरोबरी झाली तर वार लागतो.

दुसरी चूक डेमोगॉर्गनच्या शुंडेची. वार लागल्यावर दमाची बचावफेक चुकली तर हिट पॉइंट ‘मॅक्सिमम’ तेवढ्याने घटतो. ‘प्राण घटतात’ असं लिहिलं तर ती दुहेरी इजा वाटते, आणि मग कुणीतरी उपचाराचा मंत्र टाकून भरून काढतो. लिहायचं ते ‘प्राणांची कमाल मर्यादा घटते’. ती दीर्घ विश्रांतीनंतर परत येते, आणि शून्यावर गेली तर मृत्यू.

सोंगटी :
रेझिस्टन्स आणि इम्युनिटी? प्रतिकार आणि प्रतिकारशक्ती?

पुराणपोथी :
औषधाच्या जाहिरातीसारखं होईल. मराठीत ‘बाधणे’ आहे ना. विष बाधत नाही. थंडी, आग, वीज निम्मी बाधते. व्हल्नरेबिलिटी असेल तिथे दुप्पट बाधते. व्याख्या द्यावी लागत नाही, आकडा क्रियापदाशेजारीच बसतो.

शस्त्रांच्या इजेचे तीन प्रकार : ठेचणे, भोसकणे, चिरणे. रसातळपतींना साध्या शस्त्राची ही तिन्ही बाधत नाहीत, जादूच्या शस्त्राची बाधतात. ‘साध्या’ शब्द राहून गेला की लढाई अशक्य होते.

वीसपैलू :
‘लेजंडरी’चं, म्हणजे बलाढ्य प्राण्यांना मिळणाऱ्या खास सोयींचं, काय करताय? ‘पौराणिक’ नको, ते पुढे ‘मिथिक’ला लागेल. लेजंडरी रेझिस्टन्सला मी सरळ ‘हुकुमी बचाव, दिवसाला ३ वेळा’ म्हणेन. फेक चुकली तरी जिंकलीच असं ठरवता येतं, हुकुमी शब्द तेच सांगतो. लेजंडरी अ‍ॅक्शन म्हणजे ‘मधली चाल’ : दुसऱ्याची पाळी संपताच, एका वेळी एकच, आणि स्वतःच्या पाळीच्या सुरुवातीला सगळ्या परत. राउंड म्हणजे फेरी (६ सेकंद), टर्न म्हणजे पाळी. ‘डाव’ दोन्हींना लावू नका, कारण अख्खा खेळही डावच असतो.

फासे लिहिताना ‘२८डी१२’ (बारा पैलूंचे २८ फासे) टाळा. ‘३डी१२’ तर सिनेमाचं तिकीट वाटतं. ‘२८फा१२’ लिहा, फा म्हणजे फासे. गुणाकाराचं चिन्ह अजिबात नको, कुणीतरी २८ × १२ करून ३३६ काढतो.

पडताळा असा घ्या : बारापैलूची सरासरी साडेसहा, २८ फाशांची १८२. दम २६चा अधिक ८, प्रत्येक फाशाला एकदा, म्हणजे २२४. बेरीज ४०६. कागदावरचे प्राण असे जुळले नाहीत तर फाशांची संख्या किंवा दम चुकीचा उतरलाय.

नियमपोथी :
जुन्या पुस्तकांतून उतरवू नका. १९७७मध्ये डेमोगॉर्गनचं कवच उणे ८ आणि प्राण २०० होते. तेव्हा कवच जितकं कमी तितकं भक्कम. आजच्या वाचकाला उणे ८ म्हणजे उघडा माणूस वाटेल. २० मधून वजा केल्यावर २८ येतात, पण तो आकडाही पाचव्या आवृत्तीत घालू नका, कारण इथे आकड्यांची चढण मुद्दाम रोखलेली आहे. चौथ्या आवृत्तीत (२००८) उलट टोक : ऑर्कसचे प्राण १५२५. आता तेच ४०५. तो दुबळा झालेला नाही, मोजपट्टी बदलली.

सोंगटी :
कागद असा बसवलाय :

डेमोगॉर्गन, रसातळपती. प्रचंड आकाराचा दैत्य, स्वैर-दुष्ट. आव्हान २६ (अनुभव ९०,०००).
कवच २२. प्राण ४०६ (२८फा१२ + २२४).
बळ २९, चपळाई १४, दम २६, बुद्धी २०, जाण १७, छाप २५.
विष बाधत नाही. साध्या शस्त्राने ठेचणे, भोसकणे, चिरणे बाधत नाही. थंडी, आग, वीज निम्मी बाधते.
हुकुमी बचाव दिवसाला ३ वेळा.
शुंडा : फेकीला अधिक १७. इजा २८ (३फा१२ + ९). दमाची बचावफेक किमान २३, नाहीतर झालेल्या इजेइतकी प्राणांची कमाल मर्यादा घटते.

तसाच ऑर्कसचा करतो.

नियमपोथी :
ऑर्कसचं कवच दोन आकड्यांत छापा : १७, आणि त्याची जादूची काठी हातात असताना २०. एकटा २० छापला तर काठी हिसकावून घेणाऱ्या खेळाडूला त्याचं फळ मिळत नाही. आणि कागद टेबलाबाहेर वाटणार असाल तर थांबा. जानेवारी २०२३मध्ये नियमांचा जो भाग क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुला झाला त्यात बॅलोर, मॅरिलिथ, व्रॉक हे दैत्य आहेत, श्रेय देऊन ते भाषांतरित करता येतात. रसातळपतींचे तक्ते त्यात नाहीत.