शनिवारी गच्चीवर कुठला सिनेमा?

बी-४०२ (काका): नमस्कार मंडळी. शनिवारी रात्री ८ ला गच्चीवर 'अंडर वेस्टर्न स्टार्स' लावू या का? १९३८ चा कृष्णधवल सिनेमा, तासाभराचा. घोड्यावर बसून गाणी म्हणणारा काउबॉय रॉय रॉजर्स. नायक म्हणून त्याचा हा पहिलाच.

सी-१०३ (ताई): काका, मुलांना चालेल का? ढिशुम ढिशुमच असेल ना सगळं?

बी-४०२ (काका): थोडी मारामारी आहे ताई, पण खरी गोष्ट पाण्याची आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात मोठा दुष्काळ पडला होता. शेतातली माती वाऱ्याने उडून आभाळ काळवंडायचं. सिनेमात धरणाचं पाणी एका कंपनीच्या ताब्यात आणि गुरं पाळणारे तहानलेले. रॉय त्यांच्या बाजूने निवडणूक लढवतो आणि थेट वॉशिंग्टनला, संसदेत जातो.

डी-३०५: काका, नायिका कोण?

बी-४०२ (काका): कॅरल ह्यूज. कंपनीच्या मालकाचीच मुलगी! आणि विनोदी नट स्मायली बर्नेटला चुकवू नका. सिनेमात फ्रॉग मिलहाउस म्हणतात त्याला, मधूनच बेडकासारखा घोगरा आवाज काढतो. पोरं खूश होतील.

डी-३०५: रॉयच्या आधी गाणारा काउबॉय म्हणजे जीन ऑट्री होता ना?

बी-४०२ (काका): हो, बरोबर. ही भूमिका ऑट्रीसाठीच होती. त्याचं रिपब्लिक स्टुडिओशी पैशांवरून बिनसलं, तो कामावर आलाच नाही. मग तिथेच नुकत्याच घेतलेल्या या पोराला संधी मिळाली. मूळ नाव लिओनार्ड स्लाय, ओहायोचा. आधी 'सन्स ऑफ द पायोनियर्स' या गायकांच्या चमूत गायचा. मला तो ऑट्रीपेक्षा जास्त आवडतो, गाताना आव आणत नाही.

सी-१०३ (ताई): आणि घोडा? माझ्या मुलाचा पहिला प्रश्न तोच आहे 🙂

बी-४०२ (काका): ट्रिगर! सोनेरी अंग, पांढरी आयाळ. त्याच वर्षीच्या 'रॉबिन हूड' सिनेमात नायिका ऑलिव्हिया डी हॅविलँड ज्या घोड्यावर बसलीय, तो हाच. पुढे रॉयने तो विकतच घेतला.

ए-२०१ (आजी): मी येते. ७२ च्या दुष्काळात माहेरी विहीर तळाला गेली होती. उतरून वाटीने पाणी भरायचो, एक घागर भरायला अर्धी सकाळ जायची. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, अमेरिकेची. तिची भाकरी थापताना कडेने तुटायची, आई पुन्हा पुन्हा पाण्याचा हात लावून सांधायची. तिकडेही अशी तहान पडली होती, हे कधी मनात आलं नव्हतं.

बी-४०२ (काका): आजी, मग तुम्ही 'डस्ट' ऐकाच. जॉनी मार्विनचं गाणं, ऑस्करच्या नामांकनात होतं. रॉय वॉशिंग्टनमधल्या बड्या लोकांना दुष्काळाची फिल्म दाखवतो, तिथे आहे ते. पडद्यावर वाळलेली जमीन, उडणारी धूळ, आणि त्यावर त्याचा शांत आवाज. दरवेळी माझा घसा दाटतो. २००९ मध्ये अमेरिकेने हा सिनेमा राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या यादीत घेतला, योग्यच केलं.

डी-३०५: प्रोजेक्टर मी आणतो. सतरंज्या कोणाकडे आहेत?

सी-१०३ (ताई): माझ्याकडे ३ आहेत. आजी, तुमच्यासाठी खुर्ची पुढे ठेवते.

ए-२०१ (आजी): ठेव गं बाई. आणि ते धुळीचं गाणं लागलं की कुणी बोलू नका.