रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नोटेशन नीट असायलाच हवं. तुमचं काय मत?

काळी_दोन, डोंबिवली

परवा एका प्रोड्यूसर मित्राशी यावरून बराच वाद झाला. त्याचं म्हणणं असं की लॉजिक, क्यूबेस, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जे नोटेशन, म्हणजे सूर लिहायची सोय, दिलंय ते जुन्या लोकांचे लाड आहेत. पियानो रोल (सूर आडव्या पट्ट्यांनी दाखवणारी खिडकी) आला आणि पाच रेघांच्या स्टाफचं काम संपलं. मला हे साफ अमान्य आहे, म्हणून धागा काढतेय.

मी अरेंजिंग करते. पॅड, ड्रम्स, बेस हे सगळं संगणकावर होतं, पण बजेट असेल तेव्हा व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट वाजवणारी माणसं बोलावतो. त्यांच्या स्टँडवर कागद लागतो. पियानो रोलचा स्क्रीनशॉट समोर ठेवून कोणी वाजवत नाही.

आता नेहमी घडणारी गोष्ट बघा. गाणं काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून, बांधलेलं असतं. गायिका स्टुडिओत येते, एकदा म्हणून बघते आणि सांगते, "वरच्या सुरांना ओढाताण होतेय, पांढरी दोन करू या." म्हणजे ई फ्लॅटचं डी. ऐकायला अर्धाच सूर खाली, पण कागदावर तीन फ्लॅट जाऊन दोन शार्प येतात. बी फ्लॅट क्लॅरिनेटचा कागद एक पूर्ण सूर वर लिहितात, म्हणून त्याच्या वादकाला आधी एफ मेजर दिसत होता, एकच फ्लॅट. आता त्याला ई मेजर वाचायचाय, चार शार्प. नोटेशन त्याच प्रोजेक्टमध्ये असेल तर मी नोट्स अर्धा सूर उतरवते, की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या खुणा) बदलते आणि प्रिंट देते. क्लॅरिनेटच्या ओळीला बी फ्लॅटची सेटिंग आधीच लावलेली असते. नोटेशन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असलं तर मिडी (कुठला सूर कधी वाजला याची फाइल) पुन्हा काढा, तिकडे पुन्हा घ्या, स्लर (सूर जोडणाऱ्या कमानी) पुन्हा घाला, पानं पुन्हा लावा. तोवर शिफ्ट चालू आणि वाजवणारे बसून.

सोयही काही नवी नाही. लॉजिकचा पूर्वज म्हणजे अटारी एसटी या संगणकावरचा सी-लॅब कंपनीचा नोटेटर, १९८८ सालचा. त्यात स्टाफ दिसत होता. रीपरने २०१६ मध्ये ५.२० आवृत्तीत नोटेशन आणलं, स्टुडिओ वनने २०२० मध्ये. क्यूबेस १४ ने २०२४ च्या नोव्हेंबरात जुना स्कोअर एडिटर काढून डोरिको या नोटेशनच्या सॉफ्टवेअरवर आधारलेला नवा बसवला. मागणी नसती तर कंपन्यांनी एवढी मेहनत घेतली नसती. एबलटन लाइव्हमध्ये आजही स्टाफ नाही, आणि ही मी त्याची मोठी उणीव समजते.

आठशेआठ_नाशिक

ताई, मी तुमच्या मित्राच्या बाजूने. पियानो रोलवर नोट किती लांब, किती जोरात, क्लिकच्या किती मागे, हे सगळं एका नजरेत कळतं. स्विंग दिलेला शेकर किंवा ट्रॅपमधले हाय-हॅटचे रोल स्टाफवर लिहून दाखवा. लिहिता येतील, पण वाचणाऱ्याला त्यातून चाल कळणार नाही.

दुसरं म्हणजे, "तुला स्टाफ येत नाही, मग तुला संगीत काय कळतं" हे माझ्यासारख्यांनी खूप ऐकलंय. आम्ही कानाने शिकलो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे माणसं मोजकीच असतात. ती लेटन्सी (वाजवणं आणि ऐकू येणं यातला उशीर) कमी करायला, ऑडिओ एडिटिंग सुधारायला लावावीत. अडलंच तर एफएल स्टुडिओच्या पियानो रोलमधून स्कोअरची पीडीएफ निघते. तेवढं पुरे.

काळी_दोन, डोंबिवली

तुमच्या कानाबद्दल शंका नाही, आणि स्टाफ न येणाऱ्याला कमी लेखणं मला कधीच पटलेलं नाही. पण तुमचा शेकर मशीन वाजवतं. माझा चेलो माणूस वाजवतो, आणि तो गाणं पहिल्यांदाच बघत असतो. पीडीएफ निघते हे खरं, पण त्या स्टाफवर काम करता येत नाही. गायिकेने पट्टी बदलली की ती पीडीएफ टाकाऊ.

कोरा_कागद, पुणे

मी स्टाफवरच जगणारा माणूस. पार्ट, म्हणजे एकेका वाद्याचा कागद, लिहून देणं हाच माझा व्यवसाय. तरीही ताईंच्या विरुद्ध बोलणार आहे, कारण लोकांनी डीएडब्ल्यूमधून (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधून) थेट काढलेले कागद शेवटी दुरुस्तीला माझ्याकडे येतात.

वाजवलेली नोट वेगळी आणि लिहिलेली नोट वेगळी. की-बोर्डवर तुम्ही क्वार्टर (एका ठोक्याची नोट) वाजवली. लॉजिकच्या मोजणीत ती ९६० टिक्सची (टिक म्हणजे वेळेचा बारीक तुकडा). तुमचं बोट जरा आधी उठलं, नोट ८३० टिक्सवर संपली. बारीक सेटिंगवर स्क्रीन काय दाखवणार? दोन टिंबांची एट्थ आणि पुढे थर्टीसेकंडचा रेस्ट. व्हायोलिनवाला ते बघून बो कसा उचलायचा याचा विचार करत बसतो, आणि तुम्हाला तर साधी क्वार्टर हवी होती.

स्ट्रिंग्जच्या लायब्रऱ्यांचं (तंतुवाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या संचांचं) त्याहून कठीण. लेगाटोचा (न तुटता जोडलेला) सूर उशिरा बोलतो, म्हणून नोट क्लिकच्या आधी ओढून ठेवावी लागते. ऐकताना सुरेख, कागदावर मात्र ती आधीच्या बारच्या शेवटी जाऊन बसते आणि टायने (जोडकमानीने) पुढे येते. पिझिकाटो, ट्रेमोलो असे वाजवायचे प्रकार बदलायला खाली की-स्विच (आवाज न करणाऱ्या खुणेच्या कळा) दाबलेले असतात. तेही नोट्स म्हणून छापून येतात, व्हायोलिनच्या पट्ट्यात न बसणाऱ्या, पाच-सहा लेजर लाइन्स (स्टाफबाहेरच्या जोडरेघा) खाली.

आणि सगळ्यात मूलभूत अडचण: मिडीला ६३ हा एकच आकडा माहीत आहे. तो डी शार्प की ई फ्लॅट, हे मिडीत कुठेच लिहिलेलं नसतं. सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. सी मायनरमध्ये डी शार्प छापून आलेले पार्ट मी पाहिलेत. म्युझिकएक्सएमएल या नोटेशनच्या फाइलमध्ये सुराचं अक्षर आणि त्याचा चढ-उतार वेगवेगळा साठवतात ते याचसाठी. म्हणून माझं म्हणणं, डीएडब्ल्यूने ध्वनी सांभाळावा, कागद डोरिको, सिबेलियस, म्यूझस्कोअर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरवर सोडावा. म्यूझस्कोअर तर फुकट आहे.

काळी_दोन, डोंबिवली

तुमचा प्रत्येक मुद्दा खरा आहे, पण प्रत्येकाला आत उत्तर आहे आणि लोक ते वापरत नाहीत. लॉजिकच्या स्कोअरमधलं क्वांटाइझ (नोटा ठोक्याच्या जागी बसवणं) फक्त दिसण्यापुरतं असतं, वाजणारी नोट हलत नाही. इंटरप्रिटेशन ही सेटिंग चालू केली की तुमची ८३० टिक्सची नोट सरळ क्वार्टर दिसते. की-स्विचच्या जागी आर्टिक्युलेशन सेट (वाजवण्याचा प्रकार नोटेलाच जोडणारी सोय) वापरला तर खाली नोटच उरत नाही. क्यूबेसमध्ये हेच काम एक्स्प्रेशन मॅप करतो. लेगाटोसाठी नोटा एकेक ओढण्यापेक्षा ट्रॅकला उणे डिले द्या. नोट ग्रिडवर राहते, कागद स्वच्छ राहतो.

माझी मागणी नेमकी हीच आहे: एकाच नोटेचे दोन थर, एक वाजणारा आणि एक दिसणारा. एकाला हात लावला तरी दुसरा बिघडू नये. सुराचं नावही नोटेबरोबर साठवावं, अंदाजावर सोडू नये.

मांडवीतीर, पणजी

हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात कागद आला तो बऱ्याच अंशी आमच्या गोव्याकडून. चर्चच्या शाळांत सोल्फेज (डो-रे-मी म्हणत नोटेशन वाचणं) शिकलेली मुलं मुंबईला गेली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही त्यातली मोठी नावं. प्यारेलाल यांनी व्हायोलिन गोन्साल्विस यांच्याकडे गिरवलं. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचे, अरेंजर स्कोअर लिहायचा, त्यावरून प्रत्येकाचे पार्ट उतरवले जायचे, आणि मग सगळे एकत्र बसून वाजवायचे. एका पार्टात चूक राहिली तर अख्खा टेक जायचा.

तिथे लिहिणं आधी होतं, वाजणं नंतर. लिहितानाच ठरायचं की दुसरं व्हायोलिन इथे गप्प बसेल, व्हियोला कुठला सूर धरेल. आता उलटं झालंय. आधी की-बोर्डवर दहा बोटांचा कॉर्ड वाजवायचा आणि मग तो चार वाद्यांत वाटून कागद काढायचा. तशा पार्टात आतल्या वाद्यांना स्वतःची ओळच नसते. व्हियोलाने बारभर एकच सूर धरायचा आणि अचानक सहा सूर उडी मारायची.

म्हणून कोरा_कागद यांच्याशी मी अर्धाच सहमत. दुरुस्ती छपाईच्या वेळी करून भागत नाही, ती रचनेच्या वेळी व्हायला हवी. मी स्कोअर एडिटर उघडून रिकाम्या स्टाफवर माउसने लिहितो, एकेक ओळ, आणि लगेच ऐकतो. त्यासाठी मला नोटेशन डीएडब्ल्यूच्या आतच हवं. खंत एवढीच की बहुतेक कंपन्या त्याला बघायची खिडकी समजतात, लिहायची वही समजत नाहीत.

षड्जपंचम, मिरज

सगळे पाच रेघांवरच बोलताय म्हणून लिहितो. काळी_दोन, तुमचं पट्टीचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. भातखंडे यांच्या सा-रे-ग-म लिपीत लिहिलेला कागद घ्या. काळी दोनची पांढरी दोन झाली, तरी त्या कागदावर काय बदललं? काहीच नाही. सा हा साच राहिला. पेटीवाल्याने हात सरकवला, बासरीवाल्याने दुसरी बासरी घेतली, काम सुरू. जी अडचण सोडवायला तुम्ही एवढी यंत्रणा मागताय, ती आपल्या लिपीत मुळात नाहीच.

आणि भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपीत आहे तरी काय किचकट? कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर. गीताच्या लांबलेल्या अक्षराला ऽ, समेला ×, खालीला ०. इथेच टाइप करून दाखवतो:

सा रे॒ ग म॑ | प ध॒ नि सां

वेदांच्या स्वरांसाठी युनिकोडमध्ये ज्या खुणा आहेत, त्यांनीच इतकं साधतं. तरी ज्या डीएडब्ल्यूंची नावं वर आलीत त्यांच्यातल्या एकातही ही सोय नाही.

आता स्टाफचं बघा. सी हा सा धरून दरबारी रागातला आंदोलित (हलकेच झुलणारा) कोमल गंधार पिच बेंडने (सूर सरकवणाऱ्या चाकाने) वाजवलात, तर स्टाफवर एक लांब ई फ्लॅट दिसतो आणि बस. सूर जिथे जिवंत आहे तो भाग स्क्रीनवर येतच नाही. पियानो रोलखाली निदान बेंडची रेघ तरी दिसते, तेवढ्यापुरता मी नाशिकच्या मुलाच्या बाजूने. तालाचंही तसंच. झपताल दहा मात्रांचा, दोन-तीन-दोन-तीन असा. सॉफ्टवेअरला बार मोजता येतात. सम कुठली, खाली कुठली, कितवं आवर्तन चालू आहे, हे त्याला सांगायची जागाच नाही.

काळी_दोन, डोंबिवली

पट्टीचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो ज्यांचा सा सरकतो त्यांच्यापुरता. चेलोवाला "सा रे ग" वाचून ऐन वेळी डीमध्ये बोटं लावू शकेल असं मी धरून चालू शकत नाही. त्याची तालीम सुराच्या पक्क्या जागांवर झालेली असते. शिवाय ई फ्लॅटवरून डीवर आलं की व्हायोलिनच्या डी आणि ए या मोकळ्या तारा बोलायला लागतात, सगळ्या सेक्शनचा आवाज उघडतो. तो बदल अरेंजरला कागदावर दिसायला हवा.

मात्र तुमची मागणी मी माझ्या मागणीत मिळवते. ट्रॅकला सा कुठला ते एकदा सांगितलं की पेटीच्या ओळीत सरगम दिसावी, चेलोच्या ओळीत स्टाफ. आतली नोट तीच. मींडेसाठी (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी) बेंडच्या माहितीवरून कमान काढणंही शक्य आहे, माहिती फाइलमध्ये आहेच.

षड्जपंचम, मिरज

तसं झालं तर मी विकत घेईन. पण बेंडवरून कमान काढण्यावर माझा विश्वास नाही. मींड, घसीट, आंदोलन या तिन्हींचा बेंड मशीनला सारखाच दिसेल. ते गुरूसमोर बसून कळतं, आणि कागदावर खूण करायची तर ती माणसानेच करावी.

टेम्सकाठचा_सातारकर

एक मुद्दा राहिलाय: तुमची फाइल आणखी वीस वर्षांनी उघडेल का? मेकम्युझिकने २६ ऑगस्ट २०२४ ला फिनाले हे नोटेशनचं सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं जाहीर केलं, ३५ वर्षांनंतर. लोकांचं आयुष्यभराचं काम त्यात होतं. त्याआधी २०१२ मध्ये अविड या मालक कंपनीने सिबेलियसचं इथलं लंडनचं ऑफिस बंद केलं. तीच मंडळी पुढे स्टाइनबर्गमध्ये गेली आणि २०१६ मध्ये डोरिको आलं. कोरा_कागद म्हणतात तसं नोटेशन बाहेर ठेवलं तरी धोका आहेच, आत ठेवलं तरी आहे. काम संपलं की म्युझिकएक्सएमएल आणि पीडीएफ दोन्ही काढून ठेवा.

कोरा_कागद, पुणे

हे लाख बोललात. ताई, मी माझ्या मतावर कायम आहे. तुम्ही सांगितलेल्या सेटिंग्ज जाणकाराच्या हातात चालतात. बहुतेकांच्या हातात नाही चालत, आणि त्याची किंमत स्टुडिओत बसलेला वाजवणारा मोजतो. डोरिकोचं इंजिन क्यूबेसमध्ये आलं हा मात्र चांगला बदल आहे. वर्षभर वापरून बघितल्यावर कदाचित माझं मत बदलेल.

आठशेआठ_नाशिक

एक व्यवहारी प्रश्न. पुढच्या गाण्यात एक व्हायोलिनवाले काका वाजवणार आहेत, ते कागद मागताहेत. मी एबलटनवर आहे. काय करू?

कोरा_कागद, पुणे

व्हायोलिनचा ट्रॅक डुप्लिकेट करा, मूळ ट्रॅकला हात लावू नका. डुप्लिकेटमधले की-स्विच पुसा, नोटा क्वांटाइझ करा, लांबी भरून घ्या म्हणजे फालतू रेस्ट येणार नाहीत. मग मिडी काढून म्यूझस्कोअरमध्ये उघडा. आधी की सिग्नेचर घाला, मग शार्प-फ्लॅटची नावं एकेक करून तपासा. बो आणि स्लर काकांनाच विचारून पेन्सिलीने लिहा, ते तुमच्यापेक्षा चांगलं ठरवतील. पान उलटायची वेळ रेस्टमध्ये येईल असं बघा.

काळी_दोन, डोंबिवली

त्यात एक भर. बारचे आकडे प्रोजेक्टशी जुळवा. एबलटनमध्ये दोन बारचा काउंट-इन मोकळा सोडला असेल आणि कागद मात्र वाद्य सुरू होतं तिथून मोजायला लागला, तर तुम्ही "सतरापासून घेऊ" म्हणाल आणि काका एकोणीसपासून वाजवतील. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आकडा छापा, आणि मुखडा, अंतरा, पीस ही नावं देवनागरीतच मोठ्या अक्षरात घाला.