आईच्या मुठीची ताकद मोजतेय, आकडे जुळत नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आई ६८ वर्षांची, मधुमेह जुना. हल्ली कणीक मळवत नाही, बरणीचं झाकण उघडायला हाक मारते. फिजिओथेरपिस्टकडे हायड्रॉलिक डायनॅमोमीटरवर (मुठीत दाबून ताकद मोजायचं यंत्र) उजव्या हाताला १७ किलो आले. मग मी ऑनलाइन डिजिटल यंत्र मागवलं. त्यावर कधी १४, कधी १९! सकाळी कमी, दुपारी जास्त. उभं राहून वेगळं, बसून वेगळं. यंत्रच गंडलंय की आमची पद्धत?

दुसरं, सार्कोपेनियाच्या (वयाबरोबर स्नायू झिजून ताकद कमी होणं) २०१९च्या आशियाई निकषांत बायकांसाठी मुठीची ताकद १८ किलोच्या खाली म्हणजे कमी. युरोपीय निकषांत १६च्या. आई नेमकी मध्ये अडकलीय. कोणता धरायचा?

आणखी एक. ती उजखोरी, तरी डावा हात उजव्याच्या बरोबरीनं, कधी जास्तच. उजव्या बोटांना रात्री मुंग्या येतात, त्याचा संबंध असेल का? (आईचं मत: "यंत्र कशाला, मला वयाने झालंय.")

प्रतिसाद १:
मी फिजिओ आहे. आधी पद्धत बघा. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, अंगठा वर, मनगट सरळ किंवा किंचित मागे. यंत्राची दाबायची दांडी हाताच्या मापाला लावा; हायड्रॉलिकवर बहुतेकांना दांडीची दुसरी खाच चालते. दोन्ही हात आलटूनपालटून तीन-तीनदा, मध्ये विश्रांती, आणि सगळ्यांत मोठा आकडा धरा. वेळ रोज एकच ठेवा, सकाळी ताकद थोडी कमी भरतेच. "दाबा, दाबा" म्हणणंही दर वेळी सारखंच हवं, त्यानेसुद्धा आकडा हलतो. एवढं करूनही दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

निकष आशियाईच धरा. पण नुसती मूठ कमी भरली तर २०१९च्या त्या निकषांत त्याला 'संभाव्य' सार्कोपेनिया म्हणतात, निदान नव्हे. हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त लागतात का, तेही बघा.

मला मात्र १७पेक्षा मुंग्याच खटकतात. मुठीवरून अंगातल्या स्नायूंचा अंदाज बांधायचा तर हात स्वतः धड हवा. सांधेदुखी असेल किंवा मनगटात नस दबली असेल तर आकडा हाताचं दुखणं सांगतो, बाकी शरीराचं नाही. मधुमेहात कार्पल टनेल (मनगटात नस दबण्याचा हाच त्रास) जास्त आढळतो. मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना? आणि कृपा करून स्पंजचा चेंडू देऊन तिला दाबत बसवू नका. नस दबलेली असेल तर त्रास वाढेल.

प्रतिसाद २:
गुडघे दुखत असतील तर उठबशीचा वेळही फसवा येतो. माझ्या सासऱ्यांचं तेच झालं.

धागाकर्ती:
आत्ताच विचारलं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. करंगळीला काही नाही म्हणते. हात झटकला की बरं वाटतं.

प्रतिसाद १:
मग हाताच्या डॉक्टरांना दाखवा, नसांची तपासणी लागेल. यंत्र तोवर कपाटात.