मदत हवी आहे: ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सकडून हेलिकॉप्टरकडे वळायचंय, पण उद्याच्या हेलिकॉप्टरात गिअरबॉक्स उरणार का?

नमस्कार मंडळी,

मी चाकणला एका कंपनीत ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं डिझाइन करते. माहेर नाशिकरोडचं. गांधीनगरच्या लष्करी तळावरून उडणारी चेतक-चीता बघत वाढले, त्यामुळे हेलिकॉप्टरचं वेड जुनंच. आता घरच्यांशी बोलून, नोकरी सोडून पुढे शिकायचं नक्की केलंय. विषयही ठरलाय: हेलिकॉप्टरचं ट्रान्समिशन. घोडं अडलंय ते एका प्रश्नापाशी. इथे विमान क्षेत्रातली आणि सैन्यातली जाणती मंडळी आहेत, म्हणून धागा काढतेय.

येत्या वीस-तीस वर्षांत जी हेलिकॉप्टरं आणि सरळ वर उडणारी विमानं येतील, त्यांत गिअरबॉक्स राहणार का? की मी शिकून बाहेर पडेपर्यंत इलेक्ट्रिक मोटर त्याची गरजच संपवेल?

माझी समजूत कुठवर आली आहे ते सांगते, चुकत असेन तिथे अडवा.

अमेरिकी सैन्याचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर घ्या. त्याच्या टी-७०० इंजिनातली पॉवर टर्बाइन मिनिटाला सुमारे २०,९०० फेरे घेते आणि वरचा रोटर फिरतो २५८ फेऱ्यांनी. वेग ऐंशी पट उतरवायचा, टॉर्क (फिरवण्याचा जोर) त्याच पटीत चढवायचा, आणि तेही कमीत कमी वजनात. ट्रॅक्टरला आम्ही दहा किलो बीड (ओतीव लोखंड) जास्त घातलं तर बिघडत नाही, उलट चाकांना पकड मिळते. हेलिकॉप्टरमध्ये गिअरबॉक्सचा प्रत्येक किलो सामानातून किंवा इंधनातून वजा होतो. शिवाय इंजिनं दोन असतात, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर उतरता येतं. मुख्य गिअरबॉक्स एकच असतो. त्याला पर्याय नाही.

म्हणूनच नॉर्वेचा अपघात माझ्या डोक्यातून जात नाही. २९ एप्रिल २०१६ ला तुरॉय बेटाजवळ ईसी-२२५ सुपर प्यूमा हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर उडता उडता सुटून वेगळा झाला. समुद्रातल्या तेलफलाटावरून परतणारी माणसं होती. (आपल्याकडे जुहूवरून बॉम्बे हायला माणसं अशीच ये-जा करतात.) १३ जण गेले. एपिसायक्लिक गिअरच्या (मधल्या गिअरभोवती छोटे प्लॅनेट गिअर फिरतात ती रचना) दुसऱ्या टप्प्यातल्या एका प्लॅनेट गिअरला फटिगचा, म्हणजे वारंवारच्या ताणाने पडणारा, तडा गेला होता. आमच्याकडे पिटिंग (दातांवर बारीक खड्डे पडणं) सुरू झालं की तेलात कीस उतरतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळपट लगदा चिकटतो, तो दोन बोटांत चोळला की खरखर लागते आणि कुठला तरी दात किंवा बेअरिंग जातंय हे कळतं. तुरॉयमध्ये तडा बेअरिंगच्या रेसजवळ सुरू झाला आणि धातूच्या आत आत वाढत गेला. कीस इतका थोडा पडला की चिप डिटेक्टरला (तेलातला कीस ओळखणारं उपकरण) काही कळलंच नाही. त्याच घराण्यातल्या हेलिकॉप्टरचा १ एप्रिल २००९ ला स्कॉटलंडजवळ असाच अपघात झाला होता, त्यात १६ जण गेले होते. तेव्हाही दुसऱ्या टप्प्याचा प्लॅनेट गिअरच.

आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानच्या याकुशिमाजवळ व्ही-२२ ऑस्प्रे (रोटर वळवून विमानासारखंही उडणारं अमेरिकी यान) कोसळलं, ८ जण गेले. तिथेही प्रॉपरोटरच्या (त्याच वळणाऱ्या रोटरच्या) गिअरबॉक्समधलं पिनियन, म्हणजे छोटं गिअर, फुटलं होतं. त्या उड्डाणात कीस पडत असल्याचे इशारे एकामागून एक आले होते.

हे वाचलं की दोन विचार एकदम येतात. एक, या विषयात अजून खूप काम बाकी आहे आणि ते मला करायचंय. दुसरा, जगच म्हणेल की ही भानगड नको, गिअरबॉक्स काढून टाका.

तसं घडतानाही दिसतंय. जोबीच्या हवाई टॅक्सीला सहा प्रॉपेलर आहेत आणि प्रत्येकाची मोटर थेट जोडलेली, मध्ये गिअर नाही. बेलने २०१९ मध्ये ४२९ हेलिकॉप्टरच्या शेपटीतला रोटर, त्याचा लांब शाफ्ट आणि गिअर सगळं काढून चार इलेक्ट्रिक पंखे लावून उडवून दाखवलं.

उलट बाजूही आहे. अमेरिकी सैन्याने डिसेंबर २०२२ मध्ये ब्लॅक हॉकचा वारस म्हणून बेलचं व्ही-२८० निवडलं. ते ऑस्प्रेसारखंच टिल्टरोटर, म्हणजे रोटर वळवणारं यान आहे. ऑस्प्रेमध्ये अख्खं इंजिन वळतं, यात इंजिन आडवंच राहतं आणि फक्त रोटर वळतो. त्यामुळे गरम झोत जमिनीवर येत नाही आणि जवान बाजूच्या दारातून उतरू शकतात, पण वळणाऱ्या भागापर्यंत ताकद पोचवायचं सगळं काम गिअरवर आलं. शिवाय एक इंजिन गेलं तरी दोन्ही रोटर फिरायला हवेत म्हणून पंखातून आरपार शाफ्ट. एअरबसचं रेसर हे प्रायोगिक वेगवान हेलिकॉप्टर २५ एप्रिल २०२४ ला फ्रान्समध्ये मारिन्यानला पहिल्यांदा उडालं. त्यात वरचा रोटर आहेच, शिवाय दोन्ही बाजूंना ढकलणारे प्रॉपेलर, आणि तेही मुख्य गिअरबॉक्सवरूनच फिरतात. म्हणजे वेग हवा असेल तर गिअर वाढताहेत!

तर मंडळी, मी कुठल्या बाजूने विचार करावा? आणि शिकायला जायचं तर हेलिकॉप्टरच्या संस्थेत जावं की गिअरच्या? गेट दिलंय, मार्क बरे आहेत. परदेशाचाही विचार आहे, पण शेवटी काम भारतात करायचंय.

प्रतिसाद १

ताई, मी आर्मी एव्हिएशनमध्ये टेक्निशियन होतो, आता निवृत्त. तुमच्या नाशिकलाही काही काळ होतो, आणि सियाचीनच्या पायथ्याशीही.

वेगाचं सगळे बोलतात. आपल्या देशाची अडचण उंची आहे. सहा हजार मीटरवर हवा जमिनीवरच्या साधारण निम्मी. विरळ हवेत तरंगत राहायला रोटरला जास्त ताकद लागते आणि त्याच हवेत इंजिन कमी ताकद देतं. दोन्हीकडून मार बसतो. चीता तिथे इतकी वर्षं का टिकलं? त्याच्या आर्टुस्ट इंजिनाची मूळ ताकद ८७० अश्वशक्ती, पण ती ५५० वर बांधून ठेवलेली. खाली गिअरबॉक्सला तेवढंच झेपतं. वर गेलं की इंजिन हळूहळू दमतं, तरी ५५० देत राहतं. याच हेलिकॉप्टरने, फ्रेंचांकडे लामा म्हणतात त्याला, १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठली होती.

मशीन तुमच्या जन्माआधीचं आहे, आणि अजूनही वरच्या ठाण्यांवर रॉकेलचे कॅन आणि आजारी जवान त्याच्यातून नेले-आणले जातात. त्याच्या जागी एलयूएच हे हलकं हेलिकॉप्टर यायचंय. प्रचंड हे लढाऊ हेलिकॉप्टर ३ ऑक्टोबर २०२२ ला जोधपूरला हवाई दलात दाखल झालं, आयएमआरएच या १३ टनी हेलिकॉप्टरचं काम चालू आहे. या सगळ्यांना गिअरबॉक्स आहे आणि पुढची चाळीस वर्षं राहणार. एक हेलिकॉप्टर किती वर्षं सेवेत राहतं ते आमच्यासारख्यांना विचारा.

प्रतिसाद २

मी रोटरच्या एरोडायनॅमिक्सवर काम करतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मोटरच्या वजनात आहे.

इलेक्ट्रिक मोटरचं वजन मुख्यतः तिच्या टॉर्कवर ठरतं, ताकदीवर नाही. छोटा प्रॉपेलर जोरात फिरतो, टॉर्क कमी लागतो, मोटर थेट जोडता येते. जोबीने तेच केलंय. मोठा रोटर सावकाश फिरतो, टॉर्क प्रचंड लागतो, आणि थेट जोडायची मोटर इतकी जड होते की जोरात फिरणारी छोटी मोटर आणि मध्ये गिअर हेच हलकं पडतं.

मग सगळीकडे छोटे रोटर का नकोत? ब्लॅक हॉकच्या रोटरचा व्यास १६.३६ मीटर, म्हणजे चकतीचं (फिरताना पाती व्यापतात त्या वर्तुळाचं) क्षेत्रफळ सुमारे २१० चौरस मीटर. ऑस्प्रेचे दोन रोटर ११.६ मीटरचे, दोघांचं मिळून साधारण २११. क्षेत्रफळ तेच! पण सरळ वर उडताना ब्लॅक हॉकचं कमाल वजन १० टनांच्या आसपास आणि ऑस्प्रेचं जवळजवळ २४ टन. तेवढ्याच चकतीवर दुपटीहून जास्त भार. तरंगायला दर किलोमागे लागणारी ताकद या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ऑस्प्रेला दीडपट. रोटरखालचा वाराही त्याच हिशेबाने जोरदार, धूळ आणि दगड उडतात. चकती लहान केली की हाच दंड भरावा लागतो.

शहरात मिनिटभर तरंगून पुढे पंखांवर उडायचं असेल तर तो दंड परवडतो. दोरीने माणूस वर ओढायचा असेल, किंवा काकांनी सांगितलेल्या उंचीवर उतरायचं असेल, तर नाही परवडत. तिथे चकती मोठीच लागते, आणि चकती मोठी तिथे गिअरबॉक्स आहे, वर इंजिन असो की मोटर.

बॅटरीचंही बघा. विमानाच्या इंधनात किलोमागे जवळपास १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते, चांगल्या लिथियम सेलमध्ये पाव किलोवॅट-तासाच्या आसपास. टर्बाइन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवते हे धरूनही फरक दहापटीहून जास्त. मोटर विरळ हवेत दमत नाही ही तिची फार मोठी जमेची बाजू आहे, त्यामुळे पहाडासाठी टर्बाइन आणि मोटर दोन्ही जोडलेलं मशीन मला जास्त शक्य वाटतं. तेव्हा दोघांची ताकद एकत्र करायला पुन्हा गिअरच लागतील. तुमचं काम वाढेल.

प्रतिसाद ३

कुठे शिकायचं त्याबद्दल. गिअर हाच गाभा ठेवायचा असेल तर म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातली एफझेडजी ही गिअर संशोधन संस्था आणि अमेरिकेत ओहायो स्टेटची गिअरलॅब. एफझेडजीची तेलाची चाचणी तर तुम्ही रोजच्या कामात वापरत असाल. हेलिकॉप्टर म्हणून पाहिजे असेल तर मेरीलँड, जॉर्जिया टेक, पेन स्टेट. पण अमेरिकेत लष्करी हेलिकॉप्टरच्या कामाला परदेशी नागरिकांना निर्यात नियमांमुळे बऱ्याच दारांतून आत घेत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. विद्यापीठातलं मूलभूत संशोधन खुलं असतं. भारतात आयआयटी कानपूरला हेलिकॉप्टरवर जुनं आणि चांगलं काम आहे, आणि नोकरीसाठी बेंगळुरूचं एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) रोटरी विंग संशोधन आणि डिझाइन केंद्र डोळ्यासमोर ठेवा.

विषय सुचवतो: तेल गेल्यावर गिअरबॉक्स किती वेळ चालतो. १२ मार्च २००९ ला कॅनडात न्यूफाउंडलंडजवळ एस-९२ हेलिकॉप्टर पडलं, १७ जण गेले, एकच वाचला. ऑइल फिल्टर धरून ठेवणारे टायटॅनियमचे स्टड तुटले आणि सगळं तेल वाहून गेलं. तेलाशिवाय तीस मिनिटं चालण्याचा निकष होता, पण अशी गळती जवळपास अशक्य मानून त्या गिअरबॉक्सला त्यातून सूट मिळाली होती. यावर काम करणारे लोक भारतात हवेत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, टॉर्क आणि वजनाचा मुद्दा मी रोज वापरते, पण रोटरच्या व्यासाशी जोडून कधी पाहिला नव्हता. काल रात्री बसून ब्लॅक हॉकच्या फेऱ्यांना थेट मोटर जोडली तर टॉर्क किती लागेल ते काढलं. साधारण २,००० किलोवॅट धरले तर ७४,००० न्यूटन-मीटर येतो. एवढा टॉर्क थेट देणारी मोटर उचलूनच हेलिकॉप्टर दमेल. गिअर राहणार, पटलं.

काका, चीताच्या गिअरबॉक्सची तेलतपासणी वर, थंडीत कशी करायचात? कीस दिसला तर मशीन तिथेच थांबवायचात की खाली आणायचात? सवडीने लिहा, मला हे कुठल्याच पुस्तकात मिळालेलं नाही.

विषय तेलाशिवाय चालणाऱ्या गिअरबॉक्सचा धरते, त्यात पहाडाची थंडी आणि विरळ हवा घालून. विरळ हवेत गिअरबॉक्सचं कवच हवेने कमी थंड होईल, म्हणजे ती तीस मिनिटं सियाचीनवर तीसच राहतील का, हे मला बघायचंय. कानपूरला सध्या कोणी ट्रान्समिशनवर काम करत असेल, किंवा तिथल्या प्रयोगशाळेत गिअरची टेस्ट रिग आहे का हे कोणाला माहीत असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अर्जाची तारीख जवळ आली आहे.